हाकेला ओ न देणारा माणूस

मधली पोचली तेव्हा घरचे सगळे बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या केबिनमध्ये दाटीवाटीनं बसले होते आणि कुणीही रडत नव्हतं. ते बघून तिला हायसं वाटलं. या घरात रडारड सुरू झाली की खुशाल समजावं, कुणीतरी काहीतरी लपवतंय. मग तिला कोपऱ्यात धाकटा दिसला. भिंतीकडे तोंड करून, ऑइलच्या जुन्या जाहिरातीवर कपाळ टेकवून तो मुसमुसत होता. मधलीचं हायसं वाटणं तिथंच संपलं.

"आलीस?" आत्या म्हणाली. "बरं झालं. यांना शिव्या देऊन माझं तोंड दुखायला लागलंय. आता तू दे."

मधलीनं व्हॅनची किल्ली खिशात टाकली. सकाळी एका हॉटेलचा मोठा फ्रीज उघडून बसली होती, तो तसाच टाकून आली होती. हाताला अजून कॉम्प्रेसरचं तेल होतं. या माणसांत ती किती वर्षांनी आली ते मोजण्यात अर्थ नव्हता. आई गेली तेव्हा आली होती, तेही उंबऱ्यापर्यंतच. उंबऱ्याच्या आत वडील होते, आप्पा. आणि आज आप्पाच नाहीत म्हणून ही सगळी वरात इथं आली होती.

आप्पा काल दुपारी जेवणावरून उठले, स्कूटर काढून गेले ते परत आलेच नाहीत. आज पहाटे कुणाला तरी स्कूटर दिसली, ती या पंपाशी. डांबरी रस्ता इथंच संपत होता. पुढं नुसतं पठार. काळा खडक, काटेरी झुडपं, आणि मधूनच जमीन उकललेली, अशा दऱ्या. पोलिसांनी येऊन माहिती लिहून घेतली, पठाराकडे बघून मान हलवली आणि शोधवाल्यांना फोन केला.

हे शोधवाले म्हणजे कुणी सरकारी लोक नव्हेत. आपापला धंदा सांभाळून येणारी माणसं. एक मोटार शिकवणारा, दोन नर्सा, एक रंगारी. त्यांची म्होरकी दातांची डॉक्टर होती. गळ्यात शिट्टी अडकवून हिंडायची म्हणून तिला सगळे शिट्टीबाई म्हणायचे. कुणी हरवलं की ही मंडळी दुकानाचं शटर ओढतात, दोऱ्या काढतात आणि जिथं शेळीसुद्धा जाणार नाही तिथं उतरतात. बदल्यात काय मिळतं? उन्हाचे चट्टे, आणि थोरल्यासारख्या माणसांचं मार्गदर्शन.

कारण थोरला सकाळपासून त्यांना मार्गदर्शन करत होता. तो व्याख्यानं द्यायचा. 'सुखी घराची गुरुकिल्ली' नावाचं त्याचं व्याख्यान कचेऱ्या-कचेऱ्यांतून व्हायचं. आज घर असं उघड्यावर पडल्यावर ती गुरुकिल्ली कुठल्या कुलपाला लावावी हे त्याला कळत नव्हतं. एवढंच की शर्टाची इस्त्री मोडली नव्हती.

"इकडे ये," तो मधलीला म्हणाला आणि तिला पंपाच्या मागे घेऊन गेला. तिथं फुटक्या टायरांचा ढीग होता. "हे बघ, शोधवाल्यांतला तो पाववाला आता तुला प्रश्न विचारेल. प्रत्येकाला वेगळं घेऊन विचारतो. आप्पांना हल्ली विसर पडतो असं आम्ही सांगितलंय. तूही तसंच सांग."

"पडतो का?"

"थोडाफार."

"थोडाफार म्हणजे?"

"चष्मा विसरतात."

"चष्मा तूही विसरतोस, दादा. तुला कुणी दरीत शोधत नाही."

"प्रत्येक गोष्टीत फाटे फोडू नकोस!" थोरल्यानं आवाज खाली आणला. "म्हातारा माणूस विसरला, भरकटला. सरळ गोष्ट आहे. घरातलं चव्हाट्यावर कशाला आणायचं?"

"घरातलं काय?"

थोरल्यानं बुटाच्या टोकानं टायर ढकलला. लहानपणी बरणी फोडली की असाच पायानं काचा ढकलायचा.

पाववाला बाकावर बसला होता. खरोखरीचा पाववाला. स्वतःची भट्टी होती, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते. शोधवाल्यांमध्ये त्याचं काम दऱ्या उतरण्याचं नव्हतं. घरच्यांपाशी बसणं हे त्याचं काम.

"बसा ताई," तो म्हणाला. "आधीच सांगतो. तुम्हाला धीर देणं माझं काम नाही. तुमच्यापैकी कुणी त्यांच्या मागं दरीत उडी टाकू नये आणि एकमेकांचा गळा धरू नये, एवढंच मी बघतो. चहा घ्या. घाण आहे, पण गरम आहे."

"सगळ्यांना वेगवेगळं का विचारता?"

"सगळ्यांची उत्तरं एकाच पातेल्यात शिजवली की चव सारखीच लागते. पायात काय असतं त्यांच्या?"

"काळे बूट. नाडीचे. घरातून निघताना नाडी दोनदा बांधतात."

"कंटाळले, चिडले तर कुठं जाऊन बसतात?"

मधलीला हसू आलं. "चिडले तर बसत नाहीत. समोरच्याला बसवतात."

पाववाल्यानं पेन्सिल थांबवली. "तुमचे दादा म्हणाले, हल्ली त्यांना कशाची शुद्ध नसते. म्हणून आम्ही खालच्या ओढ्याच्या बाजूला माणसं लावली आहेत. विसर पडलेला माणूस नाकासमोर चालत राहतो, उतार धरतो, झुडपात अडकला की तिथंच थांबतो. सकाळपासून माझी माणसं झुडूपन् झुडूप उलटं करताहेत."

मधलीनं चहाचा कप बाकावर ठेवला. आपला बाप हा जगातला सर्वांत चांगला माणूस आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. सर्वांत वाईटांच्या यादीत मात्र तिनं त्याला वरचा नंबर दिला होता. पण आप्पा आणि विसर? वजनमापं खात्यात उभा जन्म गेलेला माणूस. गावभर त्यांना काटेसाहेब म्हणायचे. भाजीवाल्याच्या तराजूपासून सोनाराच्या तागडीपर्यंत कुणाचं माप कधी खोटं निघालं ते त्यांना तारखेसकट पाठ. घरातही तेच. कुणी म्हणालं, "काल फार ऊन होतं," की आतून आवाज यायचा, "काल नव्हे, परवा."

ती उठली आणि केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काल जेवताना काय झालं?"

धाकट्याचं मुसमुसणं थांबलं.

"काही नाही," थोरला म्हणाला.

"वहिनी, तुम्ही सांगा. वाढत तुम्हीच होतात ना?"

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. संसारात तिनं हजार वेळा त्याच्याकडे असं पाहिलं असेल आणि हजार वेळा गप्प बसली असेल. पण माणूस गप्प किती बसणार? एखाद्या दिवशी कुकरची शिट्टीसुद्धा उडून छताला लागते.

"अहो, मी सांगणार आता," ती म्हणाली. "तुमची गुरुकिल्ली गेली खड्ड्यात. काल यांनी आप्पांना खाणीचं सांगितलं."

खाणीचं म्हटल्यावर मधलीला पुढचं ऐकायची गरजच नव्हती. पठाराच्या वरच्या अंगाला दगडाची खाण होती. ट्रक तोलायचा तिथला वजनकाटा खोटा आहे म्हणून आप्पांनी त्याला टाळं ठोकलं होतं. खाण बंद पडली, अर्ध्या गावाची मजुरी बुडाली. लोक तोंडावर थुंकले, तरी आप्पा हलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव पराक्रम. आई गेली तेव्हा ते जेवढं बोलले नसतील, तेवढं या काट्याबद्दल बोलले होते.

"यांना म्हणे खाणीचा जुना मॅनेजर भेटला," वहिनी पुढं म्हणाली. "तो म्हणाला, काटा खरा होता, साहेबांचीच वजनं चुकीची होती. हे जेवणाच्या ताटावर सांगायची काय गरज? वर हा धाकटा फिदीफिदी हसला. आप्पांनी घास खाली ठेवला, हात धुतला आणि गेले."

"मला वाटलं विनोद आहे," धाकटा भिंतीला म्हणाला.

"आप्पांच्या पलंगाखालचं काटे तपासायचं लोखंडी वजनही नाही," वहिनी म्हणाली. "रात्री केर काढताना बघितलं मी."

"म्हणजे तो वजन घेऊन डोंगर चढला?" आत्यानं कपाळावर हात मारला. "ट्रकचा काटा पिशवीतल्या वजनानं तपासायला? माझा भाऊ गाढव आहे हे मी सांगत होते, तर तुमची आई मला म्हणायची, वन्सं, असं बोलू नये."

"आणि तुम्ही पोलिसांना सांगितलंत की त्यांना विसर पडतो," मधली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. आवाज चढवणारे तिच्या घरात खूप होते. "स्वतःचं नाक शाबूत राहावं म्हणून बापाला वेडा ठरवलंत. आणि शोधताय कुठं, तर दुसऱ्या टोकाला."

"मला काय माहीत ते खाणीकडे..."

"तुला माहीत होतं, दादा. म्हणूनच तर सांगितलं नाहीस."

पाववाला तिच्या मागेच उभा होता. मधलीला वाटलं, आता हा या सगळ्यांची कणीक तिंबणार. तिला तेच हवं होतं. पण त्यानं फक्त वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "ओढा सोडा. माणूस शुद्धीत आहे, रागात आहे, ठरवून गेलाय. वरच्या खाणीकडे. हातात ओझं आहे." मग थोरल्याकडे बघून म्हणाला, "खोटं सगळ्याच घरांत सांगतात. माझ्या आईनं सांगितलं होतं, भाऊ फिरायला गेलाय. भाऊ फिरायला गेला नव्हता."

त्यानं कप गोळा केले आणि गाडीत जाऊन बसला.

ऊन डोक्यावर आलं तोवर शिट्टीबाईला खाणीच्या वाटेवर खूण सापडली. जुनी वाट दरीच्या कडेनं जायची, ती एका जागी ढासळली होती. तिथल्या झुडपाला कापडी पिशवीचा तुटका बंद लटकत होता आणि कडेची माती ताजी उकरली गेली होती. खाली दरी दोन फाट्यांत वाटली गेली होती. दोन्ही अरुंद, दोन्ही काळोख्या, मध्ये सुळका. वरून तळ दिसत नव्हता.

एरवी शोधाच्या जागी घरच्यांना आणत नाहीत. आज आणलं.

"उतरणारी माणसं थकली आहेत. दोरी एकाच फाट्यात सोडता येईल," शिट्टीबाई म्हणाली. ती दातांच्या डॉक्टरसारखीच बोलायची, म्हणजे दुखेल ते आधीच सांगायची. "चुकीच्या फाट्यात उतरलो तर वर येऊन दुसऱ्यात जाईपर्यंत संध्याकाळ होईल. कालपासून पाणी नाही त्यांना. म्हणून मला त्यांचा आवाज हवाय. आम्ही हाका मारल्या, उत्तर नाही. ओळखीच्या आवाजाला देतील कदाचित. एकानं हाक मारायची, मी शिट्टी वाजवली की सगळ्यांनी गप्प बसायचं. श्वाससुद्धा हळू."

थोरल्यानं भोंगा घेतला. "आप्पाऽऽ!"

शिट्टी वाजली. दरीनं ती हाक दोनदा परत केली.

"कुणी बोलू नका रे," थोरला म्हणाला.

"तुम्हीच बोलताय," वहिनी म्हणाली.

"श्शू," धाकटा म्हणाला.

"मला श्शू करतो मेला," आत्या म्हणाली.

शिट्टीबाईनं डोळे मिटून घेतले. दोरीवर लटकणं तिला येत होतं, पण हे कुटुंब तिच्या शिक्षणात नव्हतं.

सगळ्यांच्या हाका मारून झाल्या. आप्पा, बाबा, साहेब. धाकट्यानं तर "सॉरी" असं ओरडून पाहिलं. दरी गप्प. रंगारी आणि मोटार शिकवणारा एकमेकांकडे बघू लागले. मधलीला ते बघणं कळलं. दुरुस्त न होणाऱ्या मशिनकडे तीही असंच बघायची, गिऱ्हाइकाला सांगण्याआधी.

तिनं अजून हाक मारली नव्हती. आप्पा म्हणायची तिची सवय मोडली होती.

"हाका कसल्या मारताय?" आत्या एकदम म्हणाली. "रुसला की तो हाकेला ओ देत नाही, हे विसरलात? लहानपणी माळ्यावर जाऊन बसायचा. आमची आई घसा फोडायची, पण हूं नाही की चूं नाही. मग मी खाली उभी राहून मोठ्यानं म्हणायचे, याला पाढे येत नाहीत. की लगेच वरून, 'येतात!' खोटं सांगा त्याला. ते त्याच्यानं सहन होत नाही."

शिट्टीबाईनं पाववाल्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. "घरचं औषध आहे. देऊन बघा."

आणि मग सकाळपासून धडधडीत खोटं बोलणाऱ्या माणसांना ऐन वेळी एक खोटं सुचेना.

"आप्पा, तुम्ही घोरता!" वहिनी भोंग्यात ओरडली.

"अगं, ते खरं आहे," थोरला म्हणाला.

"तुम्हाला स्कूटर चालवता येत नाही!" धाकटा.

शिट्टी. शांतता.

"खाणीचा काटा खरा होता!" थोरला ओरडला, आणि ओरडताना त्याचा आवाज फाटला. "आप्पा, ऐकताय ना? काटा खरा होता, तुम्ही खोटे!"

शिट्टी. याला तरी उत्तर यायलाच हवं होतं. बाप जिवंत असता तर याला उत्तर आलंच असतं, हे सगळ्यांना एकाच वेळी समजलं. थोरला तिथंच धुळीत बसला. इस्त्री मोडली. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मधलीनं त्याच्या हातातून भोंगा काढून घेतला. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. वर्षानुवर्षं घशात अडकलेलं होतं, तेच आधी बाहेर पडलं.

"आप्पा! तुम्ही माझी हत्यारांची पेटी अंगणात फेकलीत! पहिल्या कमाईची होती! पाने, पक्कड, सगळं चिखलात! आणि लोकांना सांगत सुटलात, पोरगी आपण होऊन गेली!"

शिट्टी. काहीच नाही. वारा होता, तोही पडला.

ती तशीच उभी राहिली. हे खोटं नव्हतंच. खऱ्याला आप्पा कशाला उत्तर देतील? मानेवर सुरी ठेवली तरी हा माणूस खऱ्याला 'हो' म्हणणार नाही. खोट्याला 'नाही' म्हणेल. तेवढंच त्याला येतं. तिला रागानं रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. तिनं भोंगा पुन्हा तोंडाला लावला.

"बरोबर केलंत, आप्पा! पेटी फेकलीत ते बरोबर केलंत! मला उंबऱ्यावरून परत पाठवलंत तेही बरोबर! तुमचं सगळं बरोबर! जन्मात तुम्ही एकदाही चुकला नाहीत!"

शिट्टी वाजली. या वेळी घरचं कुणी बोललं नाही. आत्यासुद्धा नाही.

आधी दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा. मग डाव्या फाट्यातून, गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसं काहीतरी वर आलं.

"खोटं."

शिट्टीबाईचा हात वर झाला. रंगारी डाव्या कडेला पोटावर आडवा पडला.

"साफ खोटं," आवाज म्हणाला. मध्ये धाप लागत होती. "पेटी... फेकली ते... चुकलं."

"डावीकडे!" शिट्टीबाई पुटपुटली. "खडकाच्या आड आहेत. बोलतं ठेवा त्यांना, ताई. आवाजावर उतरतो आम्ही."

मधलीला स्वच्छ ऐकू आलं होतं. सगळ्यांना ऐकू आलं होतं. थोरला धुळीतून उठून उभा राहिला होता आणि धाकटा आत्याच्या गळ्यात पडून रडत होता. आत्या त्याला "बाजूला हो, ऐकू दे," म्हणत होती.

"काय म्हणालात?" मधली ओरडली. "ऐकू आलं नाही!"

"चुकलं म्हणतोय!"

"कुणाचं?"

दोरी सळसळत खाली जात होती.

"माझं!" आप्पा म्हणाले. "पण खाणीचा काटा... खोटाच होता! त्या थोरल्याला तूच सांग! मी त्याच्याशी... बोलत नाही!"

थोरल्यानं तोंड उघडलं. वहिनीनं ते हातानं गच्च बंद केलं.

शिट्टीबाई कडेला वाकून ऐकत होती. तिनं मागं वळून विचारलं, "शुद्धीत आहेत ना? बोलणं नेहमीसारखं वाटतंय?"

"नाही," मधली म्हणाली. भोंग्याच्या कडेनं तिनं नाक पुसलं. "डोक्याला मार लागलाय बहुतेक. चूक कबूल करताहेत."

आणि तिनं भोंगा परत तोंडाला लावला. "आप्पा! कुणाचं चुकलं ते नीट ऐकू आलं नाही! परत एकदा!"

दोरी तळाला टेकेपर्यंत तिनं त्यांना ते परत परत म्हणायला लावलं.